विनुताला न पोचलेलं नाव

तंजावूर, ३ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. गंगावहिनींस,
सा. न. वि. वि.

मुरुक्कूच्या चकल्यांचा डबा पोचला. माझ्या भावाच्या, म्हणजे तुमच्या यजमानांच्या हातून आला, म्हणून निम्माच भरलेला होता! बाळ-बाळंतीण माझ्याजवळ सुखरूप आहेत. तेरा किलोमीटरवर पत्र कशाला, म्हणाल. फोनवर बोललं की हरिता ऐकते. मुलं तमिळ शाळेत शिकलेली, देवनागरी मात्र दोन्ही घरांत तुम्ही आणि मीच वाचतो.

वहिनी, मला भीती वाटते. दिवाळीला गल्लीत एवढे फटाके उडाले, पण दोन महिन्यांची विनुता शांत झोपून होती. काल तिच्या उशाशी पितळी ताट मुद्दाम पाडलं. पापणीसुद्धा हलली नाही. हरिता म्हणाली, किती गुणाची पोर! मी हसले आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले.

तुम्ही माझ्या भावाला दिलेल्या, मी तुमच्या भावाला, आणि आता माझी हरिता तुमच्या सेतुरामला. नात्यातच लग्न झालंय का, डॉक्टर पहिलं हेच विचारतील. तुमची थोरली धनलक्ष्मी लहानपणी तापानं गेली, असं आम्हांला सांगितलंत. खरंच तापानं? रागावू नका. एवढं विचारल्यावरही लोभ असू द्या.

तुमची वसुमती


तिरुवैयारु, ७ नोव्हेंबर

चि. सौ. वसूस,
अ. उ. आ.

ताट पाडलंस ते वाचलं. मीही पाडलं होतं.

धनमला ऐकू येत नव्हतं. चार वर्षांची होती. कालव्याच्या काठच्या रस्त्यानं पुढे चालली होती, मागून बस आली. मी ओरडत राहिले, तिनं वळून पाहिलं नाही. ताप आम्ही नंतर ठरवला. सेतू पाळण्यात होता, पुढे त्याला मुलगी कोण देणार? तुझी हरिता मागतानाही हे सांगायला माझी जीभ उचलली नाही.

आता कुणाला सांगू नकोस. हरिता सेतूला सोडून माहेरीच राहिली तर? थोडी वाट पाहू, काही मुलं उशिरा ऐकू लागतात. हे पत्र जाळ. माझ्यावरची माया मात्र जाळू नकोस.

तुझी गंगावहिनी


तंजावूर, १९ नोव्हेंबर

ती. मामींस,
नमस्कार.

मला ही अक्षरं येत नाहीत. मी बोलते, फोन लिहितो. आईशी बोलवत नाही, म्हणून हेच पत्र तिच्या देवघरातही ठेवते आहे.

तिनं तुमचं पत्र जाळलं नाही, पोथीत ठेवलं. मी फोनचा कॅमेरा धरला, त्यानं सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. विनुता मांडीवर होती. तिला काहीच ऐकू गेलं नाही.

काल तिला तिरुच्चीला नेलं. सेतू बरोबर होता. त्यालाही तापच माहीत होता. दोन्ही कान बंद आहेत. घरात आधी कुणी होतं का, असं डॉक्टरांनी विचारलं. मी हो म्हणाले आणि धनलक्ष्मीचं नाव सांगितलं. लवकर आलात, पुष्कळ करता येईल, म्हणाले. तरी माझी भीती जात नाही. रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला की मी तिला घट्ट धरते.

सेतूला मी सोडणार नाही. तुम्हा दोघींवर मात्र राग आहे आणि तो लवकर जायचा नाही.

बारशाला तिच्या एका चुलत आत्यानं कानात चारदा नाव सांगितलं, आपण सगळ्यांनी गोड खाल्लं. ते नाव तिला अजून पोचलेलं नाही. तुम्ही या. आई आणि तुम्ही तिच्यासमोर उजेडात बसा आणि तुमचे ओठ दिसतील असं तिचं नाव सांगा. मग धनलक्ष्मीचंही सांगा.

तुमची सून आणि भाची,
हरिता