नऊ इंच आणि तीन रिव्हॉल्व्हर

१ जानेवारी १९७३, सोमवार
कंपनीची डायरी मिळाली. बियाण्यांची कंपनी, त्यामुळे पानापानावर भाजीचे चित्र. आज वांगे. दुर्लक्ष करावे.

यंदाचा संकल्प एकच. रिव्हॉल्व्हर घेणे.

कारण लिहून ठेवतो, ही डायरी माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही. शेजारच्या मारोतराव ठवकरांनी दोन वर्षांपूर्वी कंपाउंडची भिंत बांधली. ती माझ्या प्लॉटमध्ये नऊ इंच आत आहे. मी त्याच आठवड्यात टेप लावून मोजली होती (ते लग्नाला गेले असताना). तेव्हापासून त्यांना सांगायचे आहे. सांगायला जातो आणि चहा पिऊन परत येतो. माझ्यात धमक नाही असे नाही. बोलण्याला वजन लागते, ते नाही. कोणाला मारायचे नाही, देवाशपथ. पण घरात रिव्हॉल्व्हर आहे एवढे प्रताप नगरात माहीत झाले की माणूस नुसता खाकरला तरी पुरते.

७ जानेवारी, रविवार
घाईने घेणाऱ्यांतला मी नव्हे. शेवटच्या पानांवर तुलनात्मक तक्ता आखला. मेकर तीन: वेबली, कोल्ट, स्मिथ अँड वेसन. मार्क तीन गोष्टींना: टिकाऊपणा, हाताळणी, फील.

मागच्या गल्लीतल्या बाबारावांकडे वेबली आहे. रिटायर्ड रेंजर आहेत. टिकाऊपणाबद्दल विचारले. म्हणाले, तीस वर्षं झाली, जशीच्या तशी हाये. किती वेळा उडवली, विचारले. म्हणाले, उडवतो कायले, पेटीत ठेवून हाये ना. वेबलीला टिकाऊपणात दहापैकी नऊ.

२० जानेवारी, शनिवार
हाफ डे. सीताबर्डीवरच्या बंदुकीच्या दुकानात गेलो. तिन्ही मेकरचा जुना माल काचेच्या कपाटात. हातात मागितला. शेठ म्हणाला, पहले लायसन दिखाओ. मी म्हणालो, फक्त फील पाहायचा आहे. म्हणाला, काच के बाहर से फील लो साहब, उसका पैसा नहीं लगता. पाऊण तास बाहेरून घेतला. फील: कोल्ट आठ, स्मिथ अँड वेसन साडेआठ, वेबली सात. नजर असावी लागते.

शेठने एवढे मात्र समजावले की कोल्टचे चक्र उघडायचे तर खटका मागे ओढायचा, स्मिथ-वेसनचा पुढे ढकलायचा, आणि वेबली मधूनच मोडते, अडकित्त्यासारखी. घरी येऊन अडकित्त्यावर प्रॅक्टिस केली. हाताळणीत वेबली एकदम वर. डाव्या अंगठ्याला आयोडीन.

४ फेब्रुवारी, रविवार
रोज पहाटे गच्चीवर दहा मिनिटे हात सरळ धरून उभे राहायचे. वजनासाठी मोज्यात पाऊण किलो तुरीची डाळ भरली आहे. नेम भिंतीवर. कोल्ट समजून तीन मिनिटे टिकलो, वेबली समजून दोन.

५ फेब्रुवारी, सोमवार
प्रेमिलाने डाळ शिजवली. बायकोला मोजा कुठे गेला विचारायची हिंमत... म्हणजे वेळ नव्हता.

१२ मार्च, सोमवार
अर्ज दिला. लायसन्स शाखेतला बाबू चष्म्यावरून पाहून म्हणाला, कारण लिहा, जिवाले धोका कोणापासून? मी म्हणालो, सर्वसाधारण धोका. म्हणाला, सर्वसाधारण चालत नाही, शत्रूचं नाव टाका.

पाच मिनिटे पेन धरून बसलो. सत्तेचाळीस वर्षांच्या आयुष्यात लिहिण्याजोगा एक शत्रू आठवेना, याचे वाईट वाटले. मागे लाइन वाढत होती. शेवटी लिहिले: मारोतराव ठवकर, शेजारी. कारण: जुने वैमनस्य. भिंतीचे लिहिले नाही. इतक्या वरपर्यंत आपला नऊ इंचांचा मामला कशाला.

२ एप्रिल, सोमवार
चौकशीला रुपराव हवालदार सायकलवर येऊन गेला. मारोतरावांकडे तासभर बसला. मी खिडकीच्या पडद्याआड होतो (पडदा नीट करत होतो). तीनदा चहा आत गेला. बिचाऱ्या मारोतरावांना वैमनस्य कोणते ते आठवेना म्हणे. नळाच्या पाण्यावरून असंन, असे त्यांनी आपले अंदाजाने सांगितले.

१५ एप्रिल, रविवार
भलताच प्रकार. मारोतरावांपासून कोणाच्या जिवाला धोका आहे, ही बातमी प्रताप नगरभर झाली आणि त्यांचा भाव वाढला. पानठेल्यावर त्यांना स्टूल मिळते. बाबाराव त्यांना ‘अहो मारोतराव’ म्हणू लागले, आधी ‘काय गा’ म्हणायचे. शिक्षण खात्यात जावक नोंदवणारा माणूस, आता मिशीला पीळ देतो. हा सगळा दरारा माझ्या अर्जावर उभा आहे, आणि मला कोणी सरकून जागासुद्धा देत नाही.

तक्त्यात फेरफार. कोल्ट टिकाऊपणात नऊ. संतापाच्या भरात दिलेले मार्क आहेत, पुन्हा तपासावे.

५ मे, शनिवार
मारोतरावांनीही लायसन्ससाठी अर्ज केला. शत्रूच्या जागी माझे नाव. कारण: सदर इसम चार महिन्यांपासून रिव्हॉल्व्हरांचा अभ्यास करून राहिला आहे व पहाटे गच्चीवरून माझ्या भिंतीवर नेम धरतो.

शाखेतल्या बाबूला दोनदा विचारून खात्री केली. हो, माझेच नाव. पूर्ण: मार्तंड गणपतराव लांजेवार.

१३ मे, रविवार
ऊन सेहेचाळीस डिग्री, पण झोप छान लागते. सरकारी कागदावर मी धोका आहे. रामदासपेठेतल्या ऑफिसात बातमी पोचली (मीच सांगितली). लहानू शिपाई मी गेलो की उभा राहू लागला. बायको-पोरे असलेला पन्नाशीचा माणूस उभा राहतो, हे काय कमी आहे? स्पष्टच लिहितो: इतके बरे मला लग्नातही वाटले नव्हते.

आता रिव्हॉल्व्हरची तशी गरजच नाही. भिंतीचे पुढच्या रविवारी बोलून टाकणार. उभ्याने बोलणार. चहा घेणार नाही.

२० मे, रविवार
मारोतराव आपणहून आले. दारातच चप्पल काढून म्हणाले, मार्तंडराव, राग मानू नका गा, पण लायसन भेटलं तर कोणती घ्यावी? आपल्या भागात तुमच्याएवढं कोणाले समजते?

प्रश्न रास्त होता. तक्ता काढला. साडेतीन तास समजावून सांगितले. अडकित्ता उघडून दाखवला. त्यांचा तळवा रुंद आहे, त्यांना वेबली बसेल असे माझे मत पडले. त्यांनी वहीत उतरवून घेतले. मला तेव्हा आठवलेच नाही की ती माझ्याविरुद्ध घ्यायची आहे. भिंतीचा विषय राहिला. चहा दोनदा झाला.

८ जून, शुक्रवार
रुपराव हवालदार पुन्हा येऊन गेला, मी ऑफिसात असताना. या खेपेला माझ्याबद्दल चौकशी. प्रेमिलाचे बयान घेतले. काय सांगितलेस, विचारले. म्हणाली, तुमच्याबद्दल चांगलंच सांगतलं. बायको शेवटी आपली असते.

९ जुलै, सोमवार
दोन्ही अर्ज नामंजूर. माझ्या पत्रात दोनच ओळी. नमूद इसम सज्जन आहे, धोका आढळत नाही. ठीक आहे, मारोतरावांबद्दल ते खरेच आहे.

रात्री जेवण होते न होते तोच मारोतराव त्यांचे पत्र घेऊन आले. त्यात अख्खा परिच्छेद. मीच मोठ्याने वाचला, मध्येच थांबता येईना. ‘नमूद इसमाच्या पत्नीचे म्हणणे की, यांच्यापासून कोणासही धोका नाही. यांच्या हातून झुरळ मरत नाही, मलाच बोलावतात. शेजाऱ्याची भिंत नऊ इंच आमच्या जागेत आली तरी दोन वर्षांत तोंडातून शब्द काढला नाही. सबब धोका संभवत नाही.’

खाली सही आणि शिक्का.

प्रेमिला स्वयंपाकघरात भांडी फार हळू लावत होती. मारोतरावांच्या डोळ्यांत पाणी आले. म्हणाले, नऊ इंच? काहून सांगतलं नाही गा? गवंड्यानं दोरी धरली, मी तं पाहालेही नव्हतो. एका शब्दात मागं घेतली असती. उद्याच पाडतो.

दोन वर्षे मी हेच ऐकायला थांबलो होतो. तोंड उघडले आणि म्हणालो, राहू द्या, नऊ इंचांत काय आहे.

ते म्हणाले, पक्कं? मी म्हणालो, पक्कं.

म्हणाले, बरं.

लाज वाटली. मनाचा मोठेपणा म्हणून लिहिणार होतो, पण या पानावर कारल्याचे चित्र आहे आणि तेवढी जागा उरली नाही.

१० जुलै, मंगळवार
लहानू बसूनच होता.

२ सप्टेंबर, रविवार
मारोतरावांनी भिंतीवर दोडक्याचा वेल चढवला आहे. बियाणे आमच्याच कंपनीचे, मीच आणून दिले. वेल आमच्या बाजूला उतरला, पाच दोडके लागलेत. प्रेमिला म्हणते, आपल्या अंगणात आले ते आपले, तोडा.

तक्ता फाडला नाही. अंतिम निकाल: वेबली पंचवीस, कोल्ट साडेपंचवीस, स्मिथ अँड वेसन साडेपंचवीस. टाय.

दोडके तोडायचे निश्चित केले आहे. उद्या सकाळी मारोतरावांना विचारून घेतो.