चार बोटं रुंद पट्टी

बाबा, हे लिहायचं मी आठ दिवसांपासून टाळतो आहे. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, पण ती वर्षं मी टाळण्यात धरत नाही, कारण तेव्हा लिहायचं डोक्यातच नव्हतं. या आठ दिवसांत मात्र वही घेऊन बसलो की काही ना काही निघतं. परवा पेनाची रिफिल संपली म्हणून दुकानात गेलो, तर तिथं एक जण गोसीखुर्दला सापडलेल्या भल्या मोठ्या माशाचा मोबाईलवर फोटो दाखवत होता. तो पाहत बसलो, मग त्याच्यासोबत चहा झाला, आणि रिफिल राहूनच गेली. तुम्ही असते तर म्हटलं असतं, "याले पाणी आणाले धाडा, हा नदी कुठून निघते ते पाहून येते." म्हणायचेच तुम्ही. चारचौघांत म्हणायचे, आणि लोक हसले की आणखी एकदा म्हणायचे.

सध्या मी तुमसरला आहे. एका राईस मिलच्या वर, लोखंडी जिन्याच्या टोकाला खोली आहे, धानाचा भुसा भाकरीपर्यंत येतो. याआधी धरणावर मासे धरणाऱ्यांसोबत होतो, त्याआधी नागपूरला हॉटेलात. कुठंच वर्ष भरलं नाही. आंधळगावला मात्र मी तुमच्या तेरवीनंतर राहायला म्हणून गेलो नाही, आणि त्याचं कारण मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

आठ दिवसांपूर्वी काकूचा फोन आला. शेजारच्या मागावरची आपली काकू, तुमच्या विणकर दोस्ताची बायको. म्हणाली, "तुह्या काकाचा अंगठा काळा पडून राहिला. पाच पावलं चालते न बसते. नागपूरच्या डॉक्टरनं सांगतलं, जांघेतून तार टाकून फुगा फुगवू, पाय वाचते. पण हा बुढा हट्टाले पेटला. म्हणते, माह्या दोस्ताचा पाय त्या तारेनंच गेला, मी नाही टाकत तार. तू ये बाबू. त्या दोस्ताचा पोरगा आहेस तू, डोळ्यानं पाहिलं तू. तुह्यं ऐकन तो." मी म्हटलं, येतो. आणि गेलो नाही. कारण डोळ्यानं काय पाहिलं, ते मला माहीत आहे.

तुम्ही दिवसभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचे. पायाखाली दाबायच्या पावड्या, हातात आडवा धागा नेणारा धोटा, दोन साड्यांच्या मध्ये एक बिडी. मी दुसऱ्यांदा बारावीत बसलो त्या वर्षी तुमची पोटरी धरायला लागली. दुकानापर्यंत जाताना तुम्ही दोनदा थांबायचे आणि लोकांना वाटू नये म्हणून कोणाच्या तरी दारातली वेल पाहत उभे राहायचे. मग रात्री खाटेवर पाय दुखायला लागला, आडवं झालं की जास्तच. तुम्ही उठून खड्ड्यात पाय लोंबकळत सोडून बसायचे. "खड्ड्यात बरं वाटते," म्हणायचे. आई नव्हतीच, मी एकटा पाहत होतो, आणि मला वाटलं, मला सगळं समजलं.

समजलं कशावरून, तर काकूवरून. त्याच उन्हाळ्यात काकूच्या पायाचं झालं होतं. तिच्या पोटरीवर निळ्या नसांच्या गाठी, घोट्याजवळ न भरणारी जखम. नागपूरला सुईच्या भोकातून बारीक तार घातली, लेझरनं आतून ती खराब नस भाजून बंद केली, ना टाके ना चिरफाड, आणि काकू त्याच दिवशी चालत गाडीत बसली. सगळी गल्ली तिचा पाय पाहायला. डॉक्टरनं तिला घट्ट मोजा दिला होता, दिवसभर घालायचा. ती सांगायची, "पयले पाय दुखला माय, काढून फेकावं वाटे. मंग सवय झाली. आता त्याच्याबिगर करमत नाही." काका म्हणायचे, "माह्यापेक्षा मोज्यावर जीव आहे इचा."

तुम्ही नागपूरला यायला तयार नव्हते. साडी मागावर होती, आणि बाईमाणसाचा रोग मला काहून होईल, असं तुमचं म्हणणं. म्हणून मी ते केलं. कोसा रेशीम विणणाऱ्या लोकांना जे सुचावं तेच सुचलं. मोजा नाही तर काय झालं, माग आहे ना घरी. तुम्ही बाजाराला गेले की मी कोपऱ्यातल्या जुन्या लहान मागावर विणायला बसायचो. चार बोटं रुंद, दीड माणूस लांब, गच्च ठोकलेली पट्टी. आयुष्यात मी शेवटापर्यंत विणलेली ती एकच वस्तू. अर्धा रुमाल, पाव गमछा, उसवलेला काठ, असं माझं बाकी सगळं काम तुम्ही खिळ्याला अडकवून ठेवलं होतं, आल्यागेल्याला दाखवायला.

ती पट्टी मी तुमच्या हातात दिली तेव्हा तुम्ही दारात उजेडाला गेले. बोटानं काठ चाचपला. उलटी करून पाहिली. मी शिवी यायची वाट पाहत होतो. तुम्ही म्हणाले, "हे तू केलं?" मी म्हटलं, हो. "कोणाले हात लावू नाही देल्ला?" नाही. मग तुम्ही खाटेवर बसले, पाय माझ्यापुढे केला आणि म्हणाले, "बांध."

पाय थंड होता. उन्हाळ्यातही थंड. ते मला खटकलं नाही असं नाही, पण मी बांधण्यात रंगलो होतो. बोटांपासून गुडघ्यापर्यंत, ओढून, प्रत्येक वेढ्याला ओढून. तासाभरानं तुम्ही म्हणाले, "ढिली कर ना थोडी." मी म्हटलं, "काकूलेही आधी दुखलं होतं. सवय होते. दोन दिवस सोडू नका." आणि मी गेलो. पलीकडच्या गावात शंकरपट होता. बैलांच्या जोड्या सुटताना पाहायला मी लहानपणापासून कुठूनही पळायचो, तसा गेलो. पांढऱ्या जोडीवर सगळ्यांची नजर होती आणि ती सुटतानाच बुजली, एवढं मला अजून आठवतं. दोन दिवस मी तिथंच होतो.

बाबा, तुम्ही जन्मभर कोणाचं ऐकलं नाही. आईचं नाही, सावकारी करणाऱ्या तुमच्या भावाचं नाही, बिडी सोडा म्हणणाऱ्या कम्पाउंडरचं नाही. माझं ऐकलं. दोन दिवस पाय धरून बसले आणि पट्टी सोडली नाही. काका म्हणाले होते म्हणे, "सोडून टाक बे ते, तोंड पाह्य तुह्यं कसं झालं." तुम्ही म्हणाले, "पोरगा येऊ दे."

मी आलो, सोडली. बोटं कोळशासारखी.

नागपूरला त्या डॉक्टरांनी पेनासारखं यंत्र पायावर ठेवलं. काकूच्या पायावर त्यातून सू सू आवाज आला होता, मी सोबत होतो. तुमच्या पायावर काहीच नाही, नुसती खरखर. त्यांनी विचारलं, हे वळ कशाचे? मी पिशवीतली पट्टी लपवायच्या आत तुम्ही ती काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "माह्या पोरानं विणली जी. पाहा, एक धागा इकडचा तिकडं नाही." डॉक्टरांनी पट्टी पाहिली, मग मला पाहिलं. बाहेर नेऊन हळू आवाजात समजावलं. काकूच्या पायातलं रक्त वर चढत नव्हतं, म्हणून तिला दाब पाहिजे होता. तुमच्या पायात रक्त खाली नीट उतरत नव्हतं, थेंबथेंब जात होतं, ते मी आवळून बंद केलं. मांडीतली नळी फुग्यानं मोकळी होईल, म्हणाले. चार दिवस आधी आले असते तर पाऊलही राहिलं असतं.

त्यांनी तार टाकली. तुम्ही जागेच होते, भिंतीवरच्या पडद्यावर स्वतःची नस पाहिली. गुडघा वाचला, पाऊल घोट्यावरून गेलं. घरी आल्यावर माग झाकून ठेवला. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही एकच सांगायचे, "तार टाकली न पाय गेला." काकांनाही तेच सांगितलं. मी बाजूला बसून ऐकायचो आणि पाणी आणायला उठायचो. पुढचा उन्हाळा तुम्ही पाहिला नाही. छातीत कळ आली, संपलं.

मला एवढंच कळत नाही. तुम्हाला माहीत होतं का? तुम्ही मुद्दाम तारेवर ढकललं का, की तुम्हाला खरंच तसं वाटत होतं? माहीत असून बोलले असाल तर ते चांगलं केलं नाही, बाबा. इतक्या वर्षांच्या शिव्या मी विसरलो असतो. पण एकदाच कौतुक केलं, ते त्या वस्तूचं. एकदाच ऐकलं, ते त्या दोन दिवसांचं. आणि एकदाच माझ्यावर पांघरूण घातलं, तर त्याच्याखाली आता काकांचा पाय सडतो आहे. मला सांगायचं आहे की तारेनं काही केलं नाही, मी केलं. ते वाक्य मी इथं लिहिलं, तोंडानं अजून म्हणून पाहिलेलं नाही.

खाली कोणी तरी हमालाला विचारतंय, "इथंच रायते का जी, आंधळगावचा पोरगा?" काठीचा आवाज जिन्यावर. एक पायरी, मग थांबणं. मग एक पायरी. काका आहेत. पाच पावलांवर बसणारा माणूस एवढ्या लांबून आला, खाली ऑटोची घरघर आहे, सोबत दुसऱ्या कोणाची पावलं ऐकू येत नाहीत. मधूनच वर ओरडतात, "अबे, येतो म्हणाला होता ना! तुही काकू वाट पाहून पाहून थकली. मीच आलो मंग. मले समजावणार होता म्हणे तू. काय सांगाचं होतं तुले?"

काठी वाजली तेव्हाच मी ओळखलं होतं, बाबा. उठून हात द्यायचा सोडून मी या एवढ्या ओळी लिहिल्या.