पेटी, कर्णे आणि आई

सोलापूर, ता. ४ डिसेंबर १९३१

चि. वच्छला हिस जोतीरामदादाचा सप्रेम सलाम.

इकडे सर्व ठीक आहे असे लिहिले असते, पण तुला थाप लगेच कळते. दम्याने आई खाटेला लागली आहे. डॉक्टरांनी उंबरा ओलांडायला मनाई केली आहे.

यंदा नाताळात देवळात बाबांनी चाल लावलेले स्तोत्र गायकमंडळ चार आवाजांत म्हणणार. स्तोत्रात कर्णे वाजवा असे असताना आपण इतकी वर्षे नुसत्या पायपेटीवर भागवले, असे पाळकसाहेब म्हणतात. म्हणून लग्नांत वाजवणारा मानसिंग बँडवाला पितळी बाजा घेऊन येतो आहे. तालमीत त्याची माणसे एका जागी ठरत नाहीत. मानसिंग म्हणतो, पाय चालल्याबिगर फुकच येत न्हाय, वरातीची सवय हाय. पेटी मी वाजवणार.

बाबा गेल्यापासून आईने त्या स्तोत्राचे नाव काढले नव्हते. काल म्हणाली, एकदा ऐकायचे होते रे. काय करू ते कळव.

तुझा,
जोतीराम

मिरज, ता. ११ डिसेंबर १९३१

ती. दादास वच्छलाचा सलाम.

दवाखान्यातून रजा मिळत नाही. तुझे पत्र वाचून ते दिवस आठवले. बाबांचा पाय अधू, म्हणून बोटे त्यांची आणि शेजारी बसून भाता मारणारे पाय आईचे. मी तिच्या लुगड्याआड बसायची. शेवटच्या ओळीवर बाबा फार रेंगाळले की आई मुद्दाम पाय थांबवायची, पेटी मुकी व्हायची आणि बाबा डोळे वटारायचे!

नर्स म्हणून सांगते, थंडीत तिला बाहेर काढू नकोस. लेक म्हणून सांगते, तिला ते ऐकू दे. दोन्ही कसे जमवायचे ते तू बघ, थोरला आहेस की.

तुझी,
वच्छी

सोलापूर, ता. २६ डिसेंबर १९३१

चि. वच्छीस सलाम.

मी काहीच जमवले नाही. मानसिंगच्या पायांनी जमवले.

पहिले कडवे ठीक झाले. दुसऱ्याला कर्णे लागले आणि बँडवाल्यांचे पाय सुटले. ते वाजवत दाराबाहेर पडले. गाणे मोडू नये म्हणून गायक त्यांच्यामागे आणि गायकांमागे सारी मंडळी. मी भिंतीकडे तोंड करून वाजवतोच आहे. वळून पाहतो तर देवळात मी आणि पाळकसाहेब!

वरात अंगणातच थांबायची, हे त्यांच्या अंगवळणी पडलेले. देवळाकडून येताना वाटेवरचे पहिले अंगण आपले. मी धावत पोचलो तेव्हा उघड्या खिडकीशी कर्णे घुमत होते आणि आई खाटेवर उठून बसली होती. गोधडी पायाशी हलत होती. सारून पाहिले तर तिचे दोन्ही पाय भाता मारत होते.

शेवटच्या ओळीला तिने पाय थांबवले आणि खट्याळपणे शेजारी पाहिले. डोळे वटारायला कोणी नव्हते. मग ती रडली, आणि मलाही आवरले नाही.

आज सकाळपासून पेटी घरी आण म्हणते आहे. बोटे माझी, पाय तिचे, असे ठरले आहे. माया आहे तशीच राहू दे, आणि रजा मिळताच ये. लुगड्याआडची जागा रिकामी आहे.

तुझा,
दादा