हिरव्या गंजाखालचा घोडा

प्रिय (सवयीने लिहिलं गेलं, रागावू नकोस),

"तुझ्या या पसाऱ्यात मला जागाच नाही," म्हणून तू गेलीस, त्याला एकोणीस वर्षं झाली. मी मात्र नाणी जमवतच राहिलो. ग्रीकांची, दोन हजार वर्षांपूर्वीची, पण कांस्याचीच; चांदीची आपल्याला कुठली परवडायला!

गेल्या वर्षी दाढ काढायला गेलो, तेव्हा खुर्चीत बसताना खिशातून एक नाणं पडलं. चार महिने पाण्यात भिजवूनही त्याच्यावरची माती सुटत नव्हती. डॉक्टरीणबाईंनी हिरडीत इंजेक्शन दिलं आणि ते उचललं. "भूल चढेपर्यंत बघू का जरा?" म्हणाल्या आणि भिंगाखाली धरून बारीक सुईने टोकरू लागल्या. आधी कान निघाला, मग डोळा, मग आयाळ.

"अहो, घोडा आहे हा!" त्या ओरडल्याच.

"हळू, हिरवा थर खरवडू नका, नाणं त्यानेच टिकतं," असं मला सांगायचं होतं. सुन्न जबड्यातून नुसतंच "हवू, हवू" निघालं. त्या इतक्या हसल्या, की बाहेरचे पेशंट दारात डोकावले.

तेव्हापासून दर रविवारी आम्ही दोघं मिळून नाणी साफ करतो. काल तिने विचारलं, "लग्न करायचं का आपण?" मी जोरजोरात होकारार्थी मान हलवली.

खरं सांगू? तुला थोडं जळवावं म्हणूनच लिहायला बसलो होतो. पण लिहिता लिहिता तुझ्यावरचा राग शोधला, तर तो कुठे सापडेचना. मग हे पत्र पाठवायचं तरी कशाला?

एके काळचा तुझा,
मी