गादीवाल्याची फेदरवेट लेक

पौड, ता. मुळशी
५ जानेवारी २०२५

चि. आलिया हिस,
हसिनाफुफीचे अनेक आशीर्वाद आणि दुवा. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. हरियाणातल्या त्या भिवानीच्या शिबिरातली थंडी, कोचनी कपाटात कोंडून ठेवलेले फोन, मीठ नसलेली डाळ, सगळं वाचून आधी तुझी कीव आली आणि मग हसू आलं. खेळाडूंच्या कोट्यातली सरकारी नोकरी नाकारून व्यावसायिक बॉक्सर व्हायची हौस तुलाच होती ना? मग खा आता अळणी डाळ.

तुझे अब्बा अजून तसेच. नोकरीवर रुजू झालीस तरच माझ्याशी बोल, म्हणाले होते, त्याला दोन वर्षं झाली. तुझं नाव निघालं की भाईजान कापूस पिंजायचं यंत्र चालू करतात. यंत्रात कापूस असो नसो.

पण परवा एक गंमत झाली. मी दुकानात गाद्यांचे अभ्रे शिवत बसले होते. समोरची भाजीवाली तुळजाबाई म्हणाली, पोरीचं पत्र वाचून दाखव. माझा चष्मा घरी राहिलेला. तरी वाचलं मोठ्यानं, की आमची आलिया फेदरबेड गटात खेळते. तेवढ्यात कापसाच्या ढिगामागून आवाज आला, फेदरवेट! आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग भाईजाननी यंत्र चालू केलं आणि जेवायच्या वेळेपर्यंत बंदच केलं नाही.

तेव्हा माझं एक काम कर. पुढच्या पत्रात काहीतरी चुकीचं लिही. चांगलं घसघशीत चुकीचं. कोचनी फोन दिला तरी उगाच करू नकोस. फोनवरचं माझ्या एकटीच्या कानात राहतं, कागद कसा बाजारात वाचता येतो.

लोभ आहेच, तो वजनकाट्यावर चढवू नये.
तुझी,
हसिनाफुफी


भिवानी
१४ जानेवारी २०२५

ती. हसिनाफुफीस,
आलियाचा सलाम. वि. वि.

तू माझी आत्या आहेस की कळीचा नारद, हे मला अजून कळलेलं नाही. पण तुझ्या पत्रानं इतकी हसले, की कोचनी मला दोरीवरच्या जास्तीच्या उड्या मारायला लावल्या.

खरी बातमी अशी. पंधरा फेब्रुवारीला भूगावच्या एका लॉन्सवर आठ फेऱ्यांची लढत ठरली आहे, आणि जिंकणारीला राष्ट्रीय पट्टा मिळणार आहे. जिथं लोक लग्नाला जिलेबी खातात तिथं मी ठोसे खाणार. वजन ठीक उतरतंय, फक्त स्वप्नात रोज तुझी खिमा-पोळी येते. ती ताटात वाढतेस आणि परत घेऊन जातेस.

आता यापुढचं मोठ्यानं वाच. फुफी, माझं वजन बासष्ट किलो झालंय, पण कोच म्हणतात की फेदरवेटला तेवढं चालतं. डोक्याला जाड हेल्मेट घालायचं असल्यामुळे हात वर धरायची गरज नसते, म्हणून मी दोन्ही हात कमरेवर ठेवून खेळायचा सराव करते आहे.

एवढं पुरेल ना? काय झालं ते सविस्तर कळव. एक शब्दसुद्धा गाळू नकोस.

तुझ्या मायेची आणि खिम्याची भुकेली,
आलिया


पौड
२३ जानेवारी २०२५

चि. आलिया हिस,
फुफीचे आशीर्वाद. वि. वि.

पुरलं आणि उरलं! बासष्ट म्हटलं तेव्हा यंत्र थांबलं. हेल्मेट म्हटलं तेव्हा खोकला आला. हात कमरेवर म्हटल्याबरोबर भाईजान दाढीला कापूस चिकटलेला तशाच अवतारात बाहेर आले. माझ्याशी नाही बोलले, तुळजाबाईशी बोलले. म्हणाले, बाई, सत्तावन्नच्या वर गेली तर काट्यावरनंच घरी पाठवतील, आणि पैशाच्या खेळात हेल्मेट नसतंय, आणि असला कोच असंल तर त्यालाच आधी दोन ठेवून द्यायला पायजेत. तुळजाबाईनं साळसूदपणे विचारलं, तुमाला ह्ये कसं ठावं? त्यावर त्यांनी तिच्याकडून दोन किलो वांगी घेतली. घरात कुणी वांगं खात नाही, हे तुला माहीत आहेच.

मग मी आमच्या सद्दामला धरलं. त्याच्या मोबाईलच्या दुकानात मामा रोज उठून का जातो, ते विचारलं. आधी टाळाटाळ केली, पण आईपुढे किती टिकणार? म्हणाला, मामू मागच्या बाकावर बसून आलियाच्या लढती बघतात. तू नागपूरला हरलीस ती लढत त्यांनी पुन्हा पुन्हा लावायला सांगितली, आणि दरवेळी शेवटच्या फेरीच्या आधी उठून गेले.

हे ऐकल्यावर मला आणखी चिडवायचं सुचेना. पण फार वेळ नाही, सवय वाईट. संध्याकाळी विचारलं, भूगावला येणार का? म्हणाले, त्या दिवशी माले गावच्या एका फार्महाऊसवर गाद्या पोचवायच्या हायेत. माल्याहून एकही गादी मागवलेली नाही. अभ्रे मीच शिवते, मला ठाऊक नको?

तब्येतीला जप. आशीर्वाद तोळामासा नाहीत, पोटभर घे.
तुझी,
हसिनाफुफी


भिवानी
२ फेब्रुवारी २०२५

ती. हसिनाफुफीस,
सलाम. वि. वि.

तुझं पत्र मी कोचना वाचून दाखवलं. त्यांना कुणीतरी दोन ठेवून द्यायला हवेत, हे त्यांनी मनावर घेतलं नाही. उलट, तुझ्या वडिलांना विचार, डावखुऱ्या मुलीशी कसं लढायचं, म्हणाले. माझी प्रतिस्पर्धी केरळची आहे, डावखुरी आहे, आणि आजवर कुणाकडून हरलेली नाही.

हे मोठ्यानं वाचू नकोस. मला भीती वाटते, फुफी. आमच्या धंद्यात दोन तऱ्हेचे खेळाडू असतात. एक ज्यांना जिंकायला बोलावतात, दुसरे ज्यांना हरायला. मी दोनदा हरले आहे. तिसऱ्यांदा हरले, तर यापुढचं प्रत्येक बोलावणं दुसऱ्या तऱ्हेचं असेल. मग अब्बा बरोबर होते असं मलाच म्हणावं लागेल, आणि ते मला डाळीपेक्षाही गिळवत नाही.

लढतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच आमचं परतीचं विमान आहे. पौडला येणार नाही. अब्बांनी बोलावलं नाही, तर मीही त्यांचीच मुलगी आहे. आणि चुकून आलेच, तर त्यांना माझ्या समोर बसवू नकोस. माझी नजर तिकडे गेली की मी मार खाणार.

माझी पाठ थोपटणारा हात लांबूनच पुढे कर.
आलिया


पौड
१८ फेब्रुवारी २०२५

चि. आलिया हिस,
पट्टेवाल्या बाईसाहेबांस फुफीचा कडक सलाम. वि. वि.

विमानात बसलीस, पण मागे काय घडलं ते तुला अर्धंच माहीत आहे. त्या रात्री तुझ्या भुवईला टाके घालायची घाई होती, म्हणून बोलले नाही.

मी, तुळजाबाई आणि सद्दाम तिसऱ्या रांगेत होतो. पहिली फेरी संपल्यावर मागे वळले, तर अगदी शेवटच्या खुर्चीवर एक माणूस मोटारसायकलचं हेल्मेट घालून बसलेला. लॉन्सवर, पंख्याखाली, काच खाली ओढून! मी सद्दामला कोपरानं ढोसलं. सद्दाम म्हणाला, अम्मी, मामूच हायेत, मान फिरवू नको.

चौथ्या फेरीत त्या पोरीचा डावा हात बसला आणि तू खाली पडलीस. माझा तर जीव गेला. तू उठलीस, पण भुवईतून रक्त सुरू झालं होतं. तेव्हा हेल्मेट निघालं. भाईजान खुर्च्या ओलांडत पुढे आले आणि पंचावर ओरडायला लागले, की पोरीचं रक्त दिसत न्हाई का, थांबवा. तिथल्या दांडग्या पोरांनी त्यांना दोन्ही बाजूंनी उचललं. वजन तुझ्याच गटातलं, उचलायला कितीसा वेळ? जाता जाता तुझ्याकडे बघून ओरडले, हात वर घे! तू ऐकलंस का नाही, देव जाणे, पण पाचव्या फेरीपासून तुझा हात खाली आला नाही. शेवटी पंचांनी तुझा हात वर धरला तेव्हा तुळजाबाई एका अनोळखी पाहुण्याच्या गळ्यात पडून रडत होती, आणि तुझे अब्बा गेटबाहेर गाड्यांच्या गर्दीत उभे होते. त्यांना निकाल कळलाच नाही!

आणि मी कळू दिलेला नाही. बाजारात सगळ्यांना ताकीद आहे. चहावाला सांगत नाही, तुळजाबाई सांगत नाही, सद्दाम म्हणतो नेट बंद आहे. ज्याला निकाल हवा त्यानं पोरीला पत्र लिहून विचारावं, असं मी जाहीर केलंय. तीन दिवस यंत्र सारखं चालू आहे. आज दुपारी भाईजाननी सद्दामकडून आंतरदेशीय पत्र मागवलंय. बघ, आता त्यांची मानगूट आपल्या हातात आहे!

तुझ्या पट्ट्याहून लांब आशीर्वाद,
हसिनाफुफी


पौड
१९ फेब्रुवारी २०२५

चि. आलिया हिस,
आशीर्वाद. वि. वि.

पत्र लिहायची मला सवय नाही. हसिना म्हणते, निकाल पाहिजे तर पोरीला विचार. सगळा बाजार माझ्याकडं बघून हसतो आहे. हसू दे.

निकाल मला नको. तो तुझ्या फुफीकडंच राहू दे, तिला त्याची मजा वाटते. तू पडलीस तिथपर्यंत मी बघितलं आणि तू उठलीस तेही बघितलं. त्यापुढचं मला बघू दिलं नाही.

डोळा कसा आहे, तेवढं कळव. सूज पापणीवर आहे का आत? नीट दिसतं का? रात्री त्या कुशीवर झोपू नको. तिथल्या गाद्या कसल्या असतात कोण जाणे. तुझ्या मापाची मऊ कापसाची गादी आणि उशी मी भरून ठेवली आहे. पार्सलनं पाठवली तर कापूस दबतो, म्हणून पाठवत नाही. तू येऊन घेऊन जा. लवकर ये.

जास्त काय लिहू.
तुझा,
अब्बा