मोडांचं फडकं

प्रिय अहो आई,

तुम्हाला पत्र लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. तुम्ही होतात तेव्हा तरी कुठे लिहिलं? पण आज सकाळी घरात एक गोष्ट घडली आणि तुमच्या मंदारला हाक मारायच्या आधी माझा हात फोनकडे गेला, नागपूरला तुम्हाला लावायला. तुम्हाला जाऊन चार महिने झाले तरी हात ऐकत नाही. म्हणून लिहिते.

आधी कबुली देऊन टाकते. आपल्या घरात साप आहे.

चिडू नका. इकडे राहायला आलात तेव्हा इथल्या रानावनातही साप नाहीत हे कळल्यावर "हे गाव बरं आहे बापा" म्हणाला होतात. तिन्हीसांजेला सापाचं नाव घ्यायचं नाही म्हणून 'लांबडं' म्हणायचात. ते लांबडं आता लिमरिकच्या घरात, तुमच्या खोलीत, तुमच्या पलंगाशेजारी काचेच्या पेटीत राहतं. हातभर लांबीची पायथन आहे, मादी. विषारी नाही आणि भारी लाजरी आहे.

साप पाळायचा ईराचा हट्ट तुम्हाला ठाऊकच होता. तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा मी तिला रोज सांगायचे, "आजीला काही होणार नाही." अकरा वर्षांच्या मुलीला दुसरं काय सांगायचं? मग एप्रिलमध्ये तुमचं शेवटचं सगळं आम्ही तिघांनी फोनच्या पडद्यावर पाहिलं. त्यानंतर ती फारशी बोलेना, आणि आम्हाला तिला कशालाच नाही म्हणवेना. मे महिन्यात साप आला.

आता माझा शहाणपणा ऐका. वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात माझं कामच मुळी तापमान आणि आर्द्रता सांभाळायचं. सापाला पेटीत एका बाजूला ऊब लागते आणि दुसऱ्या बाजूला थोडा थंडावा, म्हणजे हवं तिकडे सरकता येतं. पण आपल्या घरात मे महिन्यातही गारठा. पेटीखालची हीट मॅट काही केल्या ऊब धरेना. तेव्हा मला हॉट प्रेस आठवलं. जिन्यावरचं ते गरम पाण्याच्या टाकीचं कपाट, जिथे आपण टॉवेल ठेवतो आणि जिथे तुम्ही दही लावायचात. दोन दिवस तिथे थर्मामीटर ठेवून पाहिला, तीस अंशांवरून हलेना. मी सापाला एका लहान डब्यात घालून तिथे ठेवलं आणि स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

जूनमध्ये तिचे डोळे दुधाळ झाले, म्हणजे कात टाकायची वेळ आली. कात अंगातून एकसंध निघायला हवी, पायातून मोजा निघावा तशी. हिची तुकड्या-तुकड्यांनी निघाली, आणि उजव्या डोळ्यावरची कातीची पारदर्शक चकती तशीच चिकटून राहिली. ज्यांच्याकडून साप आणला त्यांना फोन केला. "डोंट बी पिकिंग ॲट इट, नाऊ," ते म्हणाले, म्हणजे ती खरवडायला जाऊ नका. त्यांच्या मते हवा कोरडी पडली होती. पुढच्या कातीला पुरेसा दमटपणा मिळाला तर जुनी आणि नवी, दोन्ही चकत्या एकदम निघतील, नाहीतर डोळ्याला धोका.

"विल शी गो ब्लाइंड, मम?" ईराने विचारलं.

काही होणार नाही, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. तिनेच अडवलं. "डोंट से इट. यू सेड दॅट अबाउट आजी."

मी कपाटातून डबा काढायला गेले. टॉवेलांच्या मागे तुमच्या जुन्या पातळाचं फडकं सापडलं, घडी घातलेलं. आणि तो दिवस आठवला. त्या फडक्यात मटकी बांधून तुम्ही ती तिथे ठेवली होतीत. मी म्हणाले, "अहो आई, हे इथे नका ठेवू, टॉवेलना वास लागतो." कुठल्या सुरात म्हणाले ते मला अजून ऐकू येतं. तुम्ही गाठोडं उचललंत. "दह्याले नुसती ऊब चालते बाई, मोडाले ओल बी लागते," एवढंच म्हणालात. "फडकं पिळून घ्याचं. पाणी राह्यलं त वास मारते, वाळलं त मोड येत नाही."

ती मटकी ओट्यावर गारठून राहिली. मोड आलेच नाहीत आणि तुम्ही पुन्हा कधी मटकी भिजवली नाहीत. एकदा तरी माझ्याशी भांडायचंत ना?

कारखान्यात मी रोज दोन आकडे बघते. घरी एकच बघितला. सापाला मी दह्यासारखं ठेवलं होतं आणि तिला हवं होतं मटकीसारखं.

मग साप परत तुमच्या खोलीत आला. पेटीला मागून थर्मोकोल लावला. मॅटच्या थर्मोस्टॅटचा सेन्सर मी हवेत लटकवला होता, त्यामुळे तळाची ऊब कळतच नव्हती; तो ती बसते तिथे तळाशी नेला. आत भोक पाडलेला एक डबा, त्यात ओलं शेवाळ. वरच्या जाळीच्या अर्ध्या भागावर तुमचं फडकं, ओलं करून पिळलेलं. माझं पातळ त्या लांबड्यावर, असं म्हणून तुम्ही दोन दिवस अबोला धरला असतात, माहीत आहे मला. फडक्याचं काम ईराने घेतलं. रोज सकाळी भिजवायचं, पिळायचं, शेवाळ मुठीत दाबून थेंब पडतो का ते बघायचं. "इज इट पिळलं इनफ?" हे तिचं मराठी. साप आंधळा होईल का, हे तिने आणखी दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा म्हणाले, "माहीत नाही. आपण रोज बघू."

आज सकाळी शेवाळाच्या डब्यात कात मिळाली, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत सबंध. ईराने ती खिडकीच्या उजेडात धरली. उजव्या डोळ्याच्या जागी एकावर एक दोन चकत्या होत्या. पेटीतून साप आमच्याकडे दोन्ही काळ्याभोर डोळ्यांनी बघत होता. "टू, मम. देअर आर टू," ईरा म्हणाली, आणि तुमच्या पलंगावर बसून रडायला लागली. एप्रिलपासून पहिल्यांदाच. मीही शेजारी बसून रडून घेतलं. नंतर नाक पुसत ती म्हणाली, "वी शुड टेल आजी."

मी सांगते, म्हणाले.

तर आई, ईराला इथून पुढे खोटा धीर देणार नाही, हे तुम्हाला वचन. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणेन, आणि तिच्याबरोबर बसून बघेन. आणखी एक. सकाळीच मटकी भिजत घातली आहे. तुमचं फडकं आता सापाकडे गेलं, म्हणून माझी सुती ओढणी फाडली आहे. संध्याकाळी ईरा पिळून देईल आणि मी गाठोडं हॉट प्रेसमध्ये ठेवीन, टॉवेलांच्या अगदी मधोमध. वास लागला तर लागू दे.

तुमची सून,
अश्विनी