बाबांची गॅरंटी

ताई,

तू बाळाला घेऊन महिनाभर राहायला येते आहेस हे कळल्यापासून बाबांचे पाय जमिनीवर नाहीत. तुझी खोली त्यांनी स्वतः रंगवली. रोज चौकटीवर टकटक करून मला विचारतात, "कुठे पोकळ वाजतंय का?" नाहीच वाजत. जन्मभर वाळवीचं औषध मारायचा धंदा केलेला माणूस! लोकांच्या घरांच्या पायात मापाने ओतलं, आपल्या घराच्या पायात दुप्पट.

परवा माती तपासायला आलेल्या सरकारी बाई सांगून गेल्या की ते औषध विषारी म्हणून कधीच बंद झालंय, पण आपल्या मातीतून गेलेलं नाही. कोंबड्यांच्या अंड्यांतही उतरलंय. लहान मुलांना तर इथे ठेवूच नका, म्हणाल्या. बाबा खूश! "बघितलंत? इतकी वर्षं टिकलंय. आपल्या कामात खोट नसते."

काल तुझ्या खोलीत तो जुना वास आला. माळ्यावर जपून ठेवलेला शेवटचा डबा त्यांनी भिंतीच्या कडेकडेने ओतला होता. "बाळाला मुंगीसुद्धा चावायला नको," म्हणाले.

तुला खरं कळलं तर तू फोनवर त्यांना फैलावर घेशील आणि ते मोडून पडतील. त्यांना सोडून मी तरी कुठे जाऊ?

म्हणून हे पत्र फाडून टाकणार आहे. संध्याकाळी फोन करून सांगेन की मला तुमची कटकट इथे नको. भांड माझ्याशी, वाटेल ते बोल. फक्त येऊ नकोस.

तुझीच,
धाकटी